नदीचे देणे

मराठीतील ‘देणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते परस्परांच्या विरुद्ध दिशांना जातात. देवाचे देणे म्हणजे न मागता लाभलेले. सावकाराचे देणे म्हणजे फेडल्यावाचून सुटका नसलेले. पहिल्या अर्थात देणारा मोठा ठरतो आणि घेणाऱ्याने कृतज्ञ असावे अशी अपेक्षा असते. दुसऱ्यात देणारा बांधलेला असतो आणि घेणाऱ्याला कृतज्ञतेचे काही कारण नसते. रोजच्या बोलण्यात हे दोन अर्थ सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. परंतु शासन जेव्हा आपल्याच अनुमतीने वा दुर्लक्षाने पीडित झालेल्या माणसांना काही देऊ लागते, तेव्हा ते मिसळतात. किंबहुना ते मिसळलेले राहणे शासनाच्या सोयीचे असते. कॅनडातील दोन आदिवासी वस्त्यांचा गेल्या सहा दशकांचा इतिहास हा या मिसळणीचा इतिहास आहे.

ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्येस, सरोवरांनी आणि देवदारांच्या जातीच्या वृक्षांनी व्यापलेल्या प्रदेशात, वाबिगून आणि इंग्लिश या नद्यांचा संगम होतो. या जलप्रवाहांच्या काठी अनिशिनाबे लोकांच्या दोन वस्त्या आहेत. ओजिब्वे या नावानेही हे लोक ओळखले जातात. एका वस्तीला बाहेरचे जग ग्रासी नॅरोज म्हणते. तिचे स्वतःच्या भाषेतील नाव असुबपीशोसीवागाँग. दुसरी वाबासीमूंग, जिला बाहेरचे लोक दीर्घकाळ व्हाइटडॉग म्हणत आले. हिवाळ्यात सापळे लावून केसाळ प्राण्यांची शिकार, उन्हाळ्यात रानफळे, शरदाच्या तोंडाशी होडीत बसून झोडपून घेतलेला पाणतांदूळ आणि वर्षभर मासे, असे तेथील जीवनाचे ऋतुचक्र होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यात रोख कमाईची भर पडली. काही जण व्यापारी मासेमारी करू लागले आणि बरेच जण दक्षिणेकडून येणाऱ्या हौशी पर्यटकांचे वाटाडे झाले. वाटाड्याने मासा कोठे सापडेल ते दाखवायचे, तो सापडल्यावर दुपारी काठावर चूल पेटवून रांधायचा आणि पाहुण्यांबरोबर स्वतःही खायचा, असा रिवाज होता. नदी म्हणजे पाणी, बाजार, स्वयंपाकघर आणि शाळा यांचे एकच नाव होते. पहिल्या अर्थाने ‘देणे’ म्हणतात ते हेच.

या वस्त्यांपासून सुमारे शंभर किलोमीटर वरच्या अंगाला, वाबिगून नदीवर, ड्रायडन हे गाव आहे. तेथे कागदाच्या लगद्याची गिरणी होती. लाकडाचा लगदा स्वभावतः तपकिरी असतो. तो पांढराशुभ्र करण्यासाठी क्लोरीन लागतो. हा क्लोरीन जागेवरच तयार करावा म्हणून १९६२ साली गिरणीशी संलग्न असा रासायनिक कारखाना सुरू झाला. मिठाच्या द्रावणातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा वेगळे होतात, आणि त्या काळच्या पद्धतीत या क्रियेसाठी पाऱ्याचा थर ऋणाग्र म्हणून वापरीत. पारा या क्रियेत खर्ची पडत नाही; तत्त्वतः तो पुन्हापुन्हा वापरता येतो. प्रत्यक्षात तो सांडपाण्यातून निसटत राहिला. १९६२ ते १९७० या आठ वर्षांत सुमारे ९ ते १० टन पारा वाबिगून नदीत गेला. पुस्तकांच्या आणि वह्यांच्या पानांना जी शुभ्रता येते, तिची किंमत त्या वर्षांत कोणीतरी दूरच्या नदीकाठी भरीत होते, हे ती पाने उलटणाऱ्या वाचकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

नदीकाठच्यांनाही तो नव्हता. पारा पाण्यात दिसत नाही. तो तळाच्या गाळात बसतो. गाळातील सूक्ष्म जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान जीवांत शिरतो, लहान जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. वॉलाय हा त्या नद्यांतील शिकारी मासा या उतरंडीच्या माथ्याशी असतो, आणि तोच लोकांच्या आवडीचा. विषारी माशाला वेगळी चव नसते, वास नसतो. तो तितकाच चपळ आणि तितकाच रुचकर असतो. हे विष मेंदूच्या पेशींचा नाश करते. बोटांना आणि ओठांभोवती बधिरता येते, दृष्टीच्या कडा मिटत जाऊन माणूस नळीतून पाहिल्यासारखे पाहू लागतो, चालताना तोल जातो, हात कापतात, बोलणे अडखळते. गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भात उतरते. वाटाडे हंगामात रोज मासे खात, म्हणून पाऱ्याचे प्रमाण त्यांच्या शरीरात विशेष आढळले. जे नदीच्या सर्वांत जवळचे होते, त्यांना तिने सर्वांत जास्त दिले, असे या वस्तुस्थितीचे क्रूर रूप आहे.

१९७० साली माशांतील पाऱ्याचे प्रमाण उघडकीस आले. प्रांतिक शासनाने कारखान्याला पारा पाण्यात सोडण्यास मनाई केली आणि व्यापारी मासेमारी बंद पाडली. हवेतून होणारे उत्सर्जन १९७५ पर्यंत चालूच राहिले. बंदी आवश्यक होती, याविषयी दुमत नाही. परंतु तिच्याबरोबर एका हंगामात मासेमारांचा धंदा गेला, आणि ज्या विश्रामगृहांच्या आधारावर वाटाड्यांची कुटुंबे जगत होती ती बंद होऊ लागली. सरकारी आदेशाने मासा अन्नातून वगळता येतो. त्याच्या जागी काय ठेवायचे याचा आदेश निघाला नाही. दुकानातले डबाबंद अन्न विकत घ्यावे लागे, आणि ते घेण्यासाठी जी कमाई हवी ती माशांबरोबरच गेली होती. म्हणून पुष्कळ घरांत मासा पुढेही खाल्ला गेला. अज्ञान हे त्याचे कारण नव्हते.

या समाजावर ओढवलेले हे पहिले अरिष्ट नव्हते. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याची राष्ट्रीय व्यवस्था त्यांच्या वाट्याला आलीच होती. १९५० च्या दशकात विद्युतप्रकल्पाच्या धरणाने व्हाइटडॉगच्या परिसरातील जमीन बुडवली. १९६३ साली ग्रासी नॅरोजची वस्ती तिच्या जुन्या जागेवरून, बेटांवर आणि द्वीपकल्पांवर सुट्या सुट्या वसलेल्या घरांतून, काही किलोमीटर दूर रस्त्यालगतच्या नव्या जागी हलवण्यात आली. शाळा, वीज, रस्ता जवळ यावेत हा त्यामागचा उद्देश होता. ओळीत उभ्या केलेल्या घरांनी कुळांची जुनी रचना मात्र मोडली. ॲनास्टेशिया श्किल्निक यांच्या ‘अ पॉयझन स्ट्राँगर दॅन लव्ह’ (१९८५) या ग्रंथात स्थलांतराने घडवलेल्या या विघटनाचे विस्तृत चित्रण आहे. पारा आला तो असा आधीच खिळखिळ्या झालेल्या घरात. मद्यपान, हिंसा, अकाली मृत्यू यांचे प्रमाण वाढले होते. आणि याच गोष्टीचा उपयोग पुढे त्यांच्याविरुद्ध झाला. हात कापतात, तोल जातो, बोलणे अडखळते, ही तर दारूचीही लक्षणे आहेत, असे म्हणणे अधिकाऱ्यांना आणि वैद्यकीय सल्लागारांना सोपे होते. एका अन्यायाचा परिणाम दुसऱ्या अन्यायाविरुद्धचा पुरावा पुसण्यासाठी वापरला गेला.

अशा वेळी या लोकांच्या बाजूने ज्ञान आले ते जपानमधून. मिनामाता येथील मच्छीमारांमध्ये हा रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला होता, आणि त्याचे मूळ रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यात आहे हे जपानी शासनाने मान्य करायला १९६८ साल उजाडले होते. गर्भातच बाधा झालेल्या बालकांचा शोध घेऊन वार या विषाला अडवीत नाही हे दाखवणाऱ्यांत कुमामोतो विद्यापीठाचे डॉक्टर मासाझुमी हारादा अग्रभागी होते. १९७५ साली हारादा ग्रासी नॅरोजला आले. त्यांनी लोकांना तपासले आणि मिनामातात जे पाहिले होते त्याचीच सौम्य रूपे येथे दिसतात असे सांगितले. पुढे तीन दशकांच्या काळात ते पुन्हापुन्हा आले, तेव्हा पहिल्या भेटीत तपासलेल्यांपैकी अनेक जण हयात नव्हते. २०१२ साली हारादांचे निधन झाले. दोन दूरच्या खंडांवरील मासेखाऊ समाजांना जोडणारा हा दुवा कोणत्याही शासनाने निर्माण केलेला नव्हता.

शासनाचे उत्तर आले ते १९८५ साली, तडजोडीच्या रूपाने. दोन्ही वस्त्यांना मिळून १ कोटी ६६ लाख ७० हजार कॅनेडियन डॉलर देण्याचे ठरले. त्यातील मोठा वाटा दोन कंपन्यांचा. संघशासनाने २७ लाख ५० हजार आणि प्रांताने २१ लाख ७० हजार डॉलर घातले. बदल्यात वस्त्यांनी पाऱ्यासंबंधीचे आपले दावे सोडले, आणि प्रांताने कंपन्यांना भावी दाव्यांपासून संरक्षणाची हमी दिली. १९८६ साली कायद्याने या तडजोडीवर शिक्कामोर्तब झाले आणि पारा-अपंगत्व मंडळ स्थापन झाले. या हमीचा अर्थ काय, यावर पुढे कितीतरी वर्षे न्यायालयीन वाद चालला. २०१९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कारखान्याच्या कचऱ्याच्या जागेची देखरेख करण्याच्या प्रांतिक आदेशाचा खर्च कंपन्यांना या हमीच्या आधारे प्रांतावर टाकता येणार नाही. वाद होता तो खर्च कोणी उचलायचा याचा. माणसे त्या वादात पक्षकार म्हणून नव्हतीच.

मंडळाची कार्यपद्धती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. अर्जदाराने तपासणीस जायचे. डॉक्टरने कंप, तोल, दृष्टी, स्पर्शज्ञान, प्रतिक्षिप्त क्रिया अशा लक्षणांना गुण द्यायचे. गुणांची बेरीज विशिष्ट रेषेपलीकडे गेली तर त्यानुसार महिन्याला २५० ते ८०० डॉलर निवृत्तिवेतन मिळायचे. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना नकार मिळाला. जपानी डॉक्टरांच्या निकषांनी जे रोगी ठरत होते, त्यांतील अनेक जण मंडळाच्या निकषांनी ठरत नव्हते. रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती. २०१८ साली ती जोडली जाईपर्यंत तीन दशके आकडा तोच राहिला आणि त्याची क्रयशक्ती जवळपास निम्म्यावर आली.

मंडळाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे मात्र नव्हे. सार्वजनिक पैसा वाटताना निकष हवेत. कंप अनेक कारणांनी येतो, आणि एका रुग्णाच्या बाबतीत कारण निश्चित करणे वैद्यकशास्त्राला खरोखरच अवघड असते. शिवाय ही रक्कम मिळवण्यासाठी कोणाला न्यायालयात जावे लागत नव्हते, ही गोष्टही लहान नाही. परंतु या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे: संशयाचा भार पीडिताने वाहावा. नदीत पारा कोणी सोडला याविषयी संशय नव्हता. मासे विषारी झाले याविषयी नव्हता. लोकांनी ते खाल्ले याविषयीही नव्हता. संशय उरला होता तो फक्त अमुक एका माणसाचा हात त्या पाऱ्यानेच कापतो काय, एवढाच. हा उरलेला संशय ऋणकोच्या खात्यावर मांडता आला असता. तो धनकोच्या खात्यावर मांडला गेला, आणि त्याच क्षणी ऋण हे अनुदान झाले. ज्याला आपले येणे वसूल करण्यासाठी आधी पुरेसे आजारी असल्याचे सिद्ध करावे लागते, तो धनको राहत नाही. तो याचक होतो.

भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि त्यानंतर लाखो माणसे आपापल्या इजेची प्रतवारी ठरवून घेण्यासाठी दावा-न्यायालयांच्या रांगांत उभी राहिली. मराठी प्रशासनभाषेनेही या व्यवहारासाठी शब्द घडवले आहेत. ‘सानुग्रह अनुदान’ या संज्ञेत अनुग्रह आहे, म्हणजे कृपा आहे, बंधन नाही. ‘लाभार्थी’ या शब्दात ज्याचे गेले तोच लाभाची इच्छा धरणारा ठरतो. ‘नुकसानभरपाई’ त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण त्यात निदान नुकसान शिल्लक आहे. शब्द हे धोरणाचे कारण नसतात. परंतु धोरणाने स्वतःची काय समजूत करून घेतली आहे, ते शब्दांत उमटते.

ही समजूत किती खोल रुजलेली असते, याचे उदाहरण २०१९ च्या मार्चमध्ये टोरांटोत घडले. सत्ताधारी पक्षाच्या निधिसंकलनाच्या भोजनसमारंभात ग्रासी नॅरोजच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी एक निदर्शक उभी राहिली. तिला बाहेर नेले जात असताना तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी तिच्या देणगीबद्दल आभार मानले आणि सभागृहात हशा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर क्षमा मागितली. व्यक्तीचा प्रमाद म्हणून हा प्रसंग तेवढ्यावर सोडून द्यावा; परंतु देणे मागायला आलेल्या माणसापुढे देणगीचा शब्द निघावा, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

दरम्यान विज्ञान स्वतःच्या गतीने चालले होते. २०२० साली ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शासनाने पूर्वी गोळा केलेल्या पाऱ्याच्या नोंदींच्याच आधारे, पाऱ्याचा अधिक काळ व अधिक प्रमाणात झालेला संसर्ग आणि साठीच्या आत येणारा मृत्यू यांचा संबंध दाखवण्यात आला. २०२३ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने तीन पिढ्यांचा धागा पाहिला: मासेमारीचे वाटाडे असलेले आजोबा, पाऱ्याची बाधा झालेली आई, आणि तिच्या मुलांमधील मनोव्यथा व आत्महत्येचे प्रयत्न. गुणांची बेरीज मांडणाऱ्या कोणत्याही तक्त्यात नातवासाठी रकाना नव्हता.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. पाराग्रस्तांसाठी वस्तीतच उपचारगृह बांधण्याचे वचन संघशासनाने २०१७ साली दिले. त्याचा करार २०२० साली सुमारे १ कोटी ९५ लाख डॉलरचा झाला आणि २०२१ साली त्यात आणखी सुमारे ६ कोटी ८९ लाखांची भर पडली. नदी स्वच्छ करण्यासाठी प्रांताने २०१७ साली ८ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढले आणि त्यासाठी कायदा केला. त्याच वर्षी कॅनडाने पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. भारताने २०१८ साली दिली. त्या करारालाही मिनामाताचेच नाव आहे. १९८५ च्या तुलनेत हे आकडे मोठे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांत नदीचा उल्लेख आला. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी गाळावर उपाय सुचवले होते, तेव्हा नदी कालांतराने आपोआप शुद्ध होईल असे मानून ते बाजूला ठेवले गेले होते. नदीने तशी कोणतीही कबुली दिली नव्हती. मे २०२४ मध्ये वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की ड्रायडनच्या गिरणीतून सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यातील सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्ये तळाच्या जिवाणूंना पोषक ठरतात, आणि जुन्या पाऱ्याचे विषारी रूपांतर त्यामुळे वाढते. पारा सोडणे बंद होऊन अर्धशतक उलटले, तरी तो कारखान्याच्या भूतकाळापुरता राहिलेला नाही.

या लोकांनी स्वतः काय मागितले, हे पाहिले म्हणजे ‘देणे’ या शब्दाचा गुंता बराचसा सुटतो. २०१० साली ते टोरांटोत आले तेव्हा त्यांनी निळ्या कापडाचा लांबच लांब पट हातांत धरून विधिमंडळाच्या इमारतीपर्यंत नदी वाहत नेली. मागणीपत्रांत निवृत्तिवेतन होते, उपचार होते. परंतु मिरवणुकीचे रूप नदीचे होते. उपचारगृह आवश्यक आहे, कारण आजारी माणसे आज आहेत. मात्र नदी तशीच ठेवून उभारलेले उपचारगृह पुढच्या पिढीचीही वाट पाहत राहील.

जून २०२४ मध्ये ग्रासी नॅरोजने संघशासन आणि प्रांतशासन या दोघांविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. तो १९६२ किंवा १९८५ च्या नव्हे, तर त्याहून पुष्कळ जुन्या कागदावर उभा आहे. १८७३ साली अनिशिनाबे प्रमुखांनी ब्रिटिश राजसत्तेशी तिसरा करार म्हणून ओळखला जाणारा करार केला. त्यात विशाल भूप्रदेशाच्या मोबदल्यात प्रत्येक माणसाला वर्षाला पाच डॉलर कबूल करण्यात आले, आणि शिकार व मासेमारी पूर्ववत करू देण्याचे वचनही दिले गेले. पाच डॉलरचा तो आकडा पुढे संपूर्ण विसाव्या शतकात बदलला नाही. मासेमारीचे वचनही कागदावर जसेच्या तसे राहिले. कागद मात्र ज्या पाण्याविषयी बोलत होता, ते पाणी तसे राहिले नाही. विषारी माशाची मासेमारी हा हक्क म्हणवत नाही. या हिशेबाने पाहिले तर शासनाने आजवर जे दिले आणि जे देण्याचे कबूल केले आहे, त्यातील काहीही नव्याने दिलेले नाही. खाते १८७३ साली उघडले होते, जमीन तेव्हाच घेतली होती, आणि त्या जमिनीपोटी कबूल केलेली नदी अजून चुकती व्हायची आहे.